तेरड्याचे पाय

मी दिलेल्या दाखल्यात चार वाक्यं होती. तेरडा ही एकवर्षीय वनस्पती आहे. ती या भागात मुबलक उगवते. दुर्मीळ किंवा संरक्षित वनस्पतींच्या यादीत तिचं नाव नाही. शिल्पासाठी ती काढल्याने तिच्या अस्तित्वाला धोका नाही. खाली माझी सही, तारीख आणि नावापुढे एम.एस्सी. (वनस्पतिशास्त्र).

पहिली तीन वाक्यं आजही खरी आहेत. चौथं वाक्य दुसऱ्या पानावर अवलंबून होतं. दुसऱ्या पानावर मी अटी लिहिल्या होत्या: दहा रोपांतलं एकच काढायचं, मुळं आणि मातीसकट काढायचं, शिल्प उतरवल्यावर पुन्हा टेकडीवर लावायचं. सही मात्र मी पहिल्या पानावर केली होती. हा मूर्खपणा माझा. त्याचा उपयोग करून घेणं त्यांचं.

मी तळेगावची. शिक्षण संपवून वर्षभर घरी होते, तेव्हा लोणावळ्याच्या अलीकडे, पवनेच्या धरणाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने कलामहोत्सवासाठी दीड महिन्याचं काम दिलं. सुहास सर म्हणून पुण्याचे शिल्पकार होते. माती, बांबू, गवत, शेवाळ यांचीच शिल्पं करायचे. गौरी बसतात त्या दिवशी त्यांच्या ‘गौराई’ या जिवंत शिल्पाचं उद्घाटन होणार होतं. अठरा फुटांची उभी बाई, आतून बांबूचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीला गोणपाटाच्या मातीभरल्या पिशव्या आणि त्यांत जिवंत तेरडा. कमरेपासून खाली गुलाबी, वर पांढरा. कागदावरचं ते चित्र पाहून मी खरोखर हरखले होते. सर हाताने काम करणारे होते. चिखलात बसून, नखं काळी करून, शेवाळाचा एक तुकडा तासभर न्याहाळणारे. त्यांच्याकडून मी बघायला शिकले, हे लिहिताना आज राग येतो, पण ते खरं आहे.

तेरडा होता रिसॉर्टच्या मागच्या टेकडीवर. जमीन गावातल्या उमेशच्या घरची, सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागलेली. काहीही पिकत नाही ती जागा, असा त्या शब्दाचा सरकारी अर्थ. भाद्रपदात तिथं वीस गुंठे नुसता तेरडा उभा असतो. मी खालच्या अंगाला दहा आणि वरच्या अंगाला दहा अशा मीटर बाय मीटरच्या चौकटी आखल्या, कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि रोपं मोजली. चौकटीमागे सरासरी नऊ. म्हणजे सगळी मिळून साधारण अठरा हजार. दहातलं एक म्हणजे अठराशे. सरांना हवी होती आठ हजार.

“बाकी अंगाला नेचे लावू, गवत लावू,” मी म्हटलं होतं.

“बघू या, सारिका,” सर म्हणाले होते. त्यांच्या ‘बघू या’चा अर्थ मला कळायला हवा होता.

गणपतीला मी चार दिवस घरी गेले. गौरींच्या दिवशी सकाळी स्कूटीवरून परत आले ती थेट टेकडीकडेच गेले. तेरड्याच्या माहितीफलकासाठी चांगला फोटो हवा होता.

टेकडीचं खालचं अंग मोकळं होतं. मोकळं म्हणजे काही काही ठिकाणी विरळ झालेलं नव्हे. माझ्या दहाही चौकटींच्या खुंट्या चिखलात स्पष्ट दिसत होत्या, आणि चौकटींच्या आत काही नव्हतं. उपटल्याची भोकं आणि बुटांचे ठसे. वरच्या अंगाचा गुलाबी पट्टा जिथं सुरू होत होता तिथं सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ होती.

मी खुंटी हातात धरून उभी होते, तेव्हा पायवाटेने दोन बायका वर आल्या. पुढे साठीची एक, डोक्यावर पाटी, पाटीत नवं कोरं हिरवं कापड. मागे तिची सून असावी अशी एक, तिच्याही डोक्यावर तशीच पाटी. म्हातारी रेघेपाशी थांबली.

“म्हशी सोडल्या का काय कुनी?” सून म्हणाली.

“म्हशी मुळासकट खात न्हाईत, बबिता,” म्हातारी म्हणाली आणि माझ्या हातातल्या खुंटीकडे बघितलं. “तू कोन गं? तू काडलास?”

“नाही, मावशी. मी मोजला होता.”

“मोजला? आन् मग कुटं गेला?”

म्हातारीचं नाव बाया. वरच्या ठाकरवाडीतली. खालच्या गावातल्या सतरा घरांच्या गौरी दरसाल तिच्या हातून जातात. तिच्या सासूच्या हातून जायच्या, त्याआधी सासूच्या सासूच्या. गौर म्हणजे याच टेकडीवरची तेरड्याची मुळासकट पाच रोपं, एकत्र बांधलेली. खालच्या घरांत तिला मुखवटा लावतात, साडी नेसवतात, तीन दिवस बसवतात. मुळं म्हणजे तिचे पाय. उंबऱ्यात तेच धुतात, त्यांनाच हळद-कुंकू लावतात. हे सगळं बायाने मला दोन मिनिटांत सांगितलं, आणि तळेगावातल्या आमच्या घरी पितळी मुखवट्यांच्या उभ्या गौरी असल्यामुळे त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं.

“दुसरीकडे नाही का तेरडा?” मी विचारलं.

“पल्याडच्या टेकाडावर बंगलं झालं. वढ्याकडंला तननाशक मारत्यात. ऱ्हायलं ह्येच.” तिने वरच्या पट्ट्याकडे हात केला. “तीनच्या आत सतरा उंबरं हायेत. पर आदी मला सांग, खालचा कुनी न्हेला?”

मी सांगितलं.

“चल, बगू दे मला ती मोठी गौर,” बाया म्हणाली.

रिसॉर्टच्या फाटकात पहारेकऱ्याने पास विचारला. बबिता म्हणाली, “आमची जिनगानी आत ठिवलीय, ती बगाया आलोय. तिला पास हाय का इचार.” मी माझं गळ्यातलं ओळखपत्र दाखवून दोघींना आत घेतलं.

शिल्प लांबून सुंदर होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अठरा फूट उंच, मान किंचित कललेली, खाली गुलाबी आणि वर पांढरं. जवळ गेल्यावर पानांच्या कडा वळलेल्या दिसल्या. पाकळ्या लोंबत होत्या. तेरड्याच्या देठात पाणीच जास्त असतं. मुळं मातीत असली तर पावसाळ्यात तो सहज उभा राहतो. मी एका जागी पानं बाजूला केली. गोणपाटाच्या पिशव्या नव्हत्या. लग्नाच्या स्टेजवर फुलं खोचतात तो हिरवा स्पंज होता, आणि त्यात बोटभर देठ तिरपे छाटून खोचले होते.

बाया माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने एक देठ ओढून काढला, उलटा केला, छाटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

“हिचं पाय कुटंयत?”

शिल्पाशेजारी एक फलक होता. वर ‘जिवंत शिल्प’ असं मोठं लिहिलेलं, आणि खाली चौकटीत, काचेमागे, माझा दाखला. एक पान. माझी सही इतकी मोठी करून छापली होती की तिच्यातली घाईसुद्धा दिसत होती.

सुहास सर आमच्याकडे येत होते. पांढरा कुडता, हातावर वाळलेली माती. बायाला पाहून त्यांनी हात जोडले, आणि त्यात ढोंग नव्हतं.

“या मावशी, या. ही तुमचीच गौर आहे. तुमच्या घरातली, फक्त मोठी केली. जगाला दिसावी म्हणून.”

“हिचं पाय कुटंयत?” बायाने पुन्हा विचारलं.

सरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी शिल्पाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. “खाली मुद्दाम मोकळं सोडलंय. जमिनीतून उगवल्यासारखी वाटली पाहिजे.”

“सर, मावशी मुळांचं विचारतायत,” मी म्हणाले. “रोपांची मुळं कुठं आहेत?”

“अगं, मातीच्या पिशव्यांचं वजन जाळीला पेलेना. आणि मुळांसकट फार चिखल होत होता. कापून पाण्यावर ठेवली तर जास्त टिकतात, हे तुला मी काय सांगू?”

“टिकत नाहीत. बघा ना. आणि टिकली असती तरी ती जिवंत नसती. फलकावर जिवंत लिहिलंय. खाली माझी सही आहे.”

“सही कशावर आहे? तेरडा मुबलक आहे यावर. आहे ना मुबलक?”

“दुसऱ्या पानावर अटी होत्या.”

“दुसरं पान तांत्रिक होतं, सारिका. लोक इथं अनुभव घ्यायला येतात, अटी वाचायला नाही.” ते हसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. “एवढं मनाला लावून घेऊ नकोस. ही थोडी मलूल झाली आहेत, मान्य. म्हणून तर उमेश दुपारी ट्रॅक्टर घेऊन वर जातोय. वरचा पट्टा आणला की पाचच्या आत पुन्हा टवटवीत.”

“वरचा सगळा?”

“एकवर्षीय आहे ना? तूच लिहिलंयस. पुढच्या वर्षी पुन्हा येणारच.”

एकवर्षीय. म्हणजे दर वर्षी बियांपासून नव्याने उगवावी लागते ती. बी पडायच्या आत उपटली तर पुढच्या वर्षी उगवायला काही उरत नाही. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. सरांनी त्या शब्दाचा बरोबर उलटा अर्थ लावला होता, आणि तो लावायला शब्द मीच दिला होता.

बाया कधीच तिथून हलली होती. वासाच्या मागाने गेल्यासारखी ती स्वयंपाकघराच्या मागे गेली. तिथं रिसॉर्टचा खताचा खड्डा आहे. इथला कणभर कचराही बाहेर जात नाही, असं त्यावर लिहिलेलं आहे. खड्ड्यात काकडीच्या साली आणि चहाचा चोथा होता, आणि त्यावर मुळं. आठ हजार रोपांची मुळं. पांढरी, केसाळ, चिखल लागलेली, काहींना अजून वीतभर देठ. वरची काही ओली होती.

बबिता तोंडावर पदर घेऊन म्हणाली, “आगं बया बया.”

बाया खड्ड्याच्या काठावर बसली. एक जुडगा उचलला, त्याची माती झटकली, पुन्हा ठेवला. मग उठली. “चल. वरची तरी घिऊ. त्याचा टॅक्टर निगाला आसंल.”

आम्ही तिघी पायवाटेने वर गेलो. वाटेत मी विचारलं, मी मदत केली तर चालेल का. “हात धू आदी,” एवढंच उत्तर मिळालं.

वरच्या पट्ट्यात त्यांची काम करायची रीत बघून माझी चाल मंदावली. बाया एका जागची दोन रोपं घेत नव्हती. पाच-सात पावलं चालायची, एक निवडायची, चार बोटांनी बुडाशी माती सैल करायची आणि सरळ वर उचलायची. मुळाचं एक टोकही तुटत नव्हतं. पण उचलायच्या आधी ती त्या रोपाची पिकलेली बोंडं एकेक करून चिमटीत दाबायची. तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शाने फुटतं आणि बिया उडतात. लहानपणी आम्ही सगळ्यांनी तो खेळ केलाय. इथं तो खेळ नव्हता. ती प्रत्येक बोंड फोडत होती, शेजारच्या रोपांचीसुद्धा.

“हे कशाला, मावशी?”

“गौर म्हायेराला निगाली ना? लेकरं हितं ठिवून जाती ती. लेकरं पाटीत घालून न्हेली तर पुढल्या साली कोन यील?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सासूनं पैल्या साली मारलं हुतं मला. बोंडं न फोडता चार उपटली म्हनून.”

मी माझं दुसरं पान आठवून बघितलं. त्यात दहातलं एक होतं, मुळं होती, माती होती, परत लावणं होतं. बोंडं नव्हती. पाच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकून मला जी अट सुचली नाही, ती ठाकरवाडीत सासू सुनेला मारून शिकवत होती. मी बोंडं फोडायला लागले. एक बी नेम धरल्यासारखी बबिताच्या गालावर बसली. “माज्यात उगवंल की गं तेरडा,” ती म्हणाली.

एक वाजून गेला होता. सोळा गौरी बांधून झाल्या, आठ एका पाटीत, आठ दुसऱ्या पाटीत, मुळं वर दिसतील अशी. सतरावी बाया बांधत होती, तेव्हा खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे रिकामी ट्रॉली, तिच्यात सहा मजूर. उमेश तिशीचा, पायात पांढरे बूट, कानाला फोन. मला पाहून त्याने फोन खिशात घातला.

“मॅडम, तुम्ही इथं? बरं झालं. सर म्हणाले सगळा काढायचा. कुठून सुरू करू?”

“कुठूनच नाही, उमेशदादा. तो दाखला मी रद्द करतेय.”

“दाखला रद्द होतो का? तिकडं काचेत लावलाय की.”

मी वही काढली. ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवून लिहिलं: अमुक तारखेचा माझा दाखला मी मागे घेत आहे. या टेकडीवरचा तेरडा काढायला माझी शिफारस नाही. खाली सही, आणि यावेळी शेवटच्या ओळीला अगदी चिकटून, मध्ये कुणाला काही घालता येऊ नये अशी. पान फाडून त्याला दिलं. फोटो काढून सरांना पाठवला. उमेशने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि सरांना फोन लावला. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. उमेश “व्हय सर, व्हय सर” म्हणाला.

“सर म्हणतात, कागदाचं नंतर बघू. जागा आमची आहे, मॅडम. पोटखराब आहे. इथलं गवत काढायला मला कुणाची सही लागत नाही.”

हे मात्र खरं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. कायद्याच्या दृष्टीने त्या वीस गुंठ्यांत काहीही नव्हतं.

“उमेशा,” बाया सतराव्या गौरीची गाठ मारत म्हणाली, “ही तुज्या आईची. तू पोटात हुतास तवा बी मीच दिलती.”

“मावशी, तुमच्या सतरा घ्या ना. कोण नाही म्हणतंय? तुम्ही घ्या, मग आम्ही काढतो. आन् पुढल्या साली कमी पडली तर वडगावातनं आणू की. बाजारात मिळतो तेरडा, जुडीने.”

“पायासकट?”

“पाय काय करायचेत, मावशी? गौर कुठं चालत येती?”

बाया उठली. तिने सतरावी गौर माझ्या दोन्ही हातांत ठेवली.

“ऐक. गौर हातात आली की उंबऱ्यापतुर बोलायचं न्हाई. कुनी काय बी म्हनलं तरी. मागं वळून बगायचं न्हाई. कळलं? घे गं बबिता.”

दोघींनी एकमेकींना पाट्या डोक्यावर दिल्या. आणि मग बाया पायवाटेकडे वळायच्या ऐवजी ट्रॅक्टरकडे चालू लागली. मजूर उतरून बाजूला झाले होते. ती चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली, एका हाताने पाटी धरून, आणि मधोमध मांडी घालून बसली. पाटी मांडीवर घेतली. तिच्या शेजारी बबिता. हातातली गौर सांभाळत मीही चढले.

“ओ मावशी,” उमेश हसत म्हणाला. “उतरा. मला भरायचीय ट्रॉली.”

बाया समोर बघत होती.

“वहिनी, तुम्ही सांगा त्यांना.”

बबिताने ओठ आणखी घट्ट मिटले. तिला हसू येत होतं, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही तरी बोला!”

माझ्या हातात त्याच्या आईची गौर होती. मी बोलले नाही. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. सरांचाच असणार. तो वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला.

उमेश एकदा पुढे आला, बायाच्या पाटीकडे हात नेला आणि मागे घेतला. पांढरे बूट घातलेला, पोटखराब जमिनीचा मालक, पण मांडीवर गौर घेतलेल्या बाईला हात लावायची त्याची छाती झाली नाही. मजूर हे सगळं बघत होते. एकाने मुकाट्याने टोपी काढली.

मग उमेशचाही फोन वाजला. ट्रॅक्टर चालू होता म्हणून त्याने तो मोठ्या आवाजावर टाकला, आणि त्याची आई रतनबाई सगळ्या टेकडीला ऐकू गेली.

“उमेशा, वर बाया दिसली का रं? तीनला गौर घ्यायचीय. भाजी-भाकरीचा निवद झालाय, सतरा घरच्या बायका हळद-कुंकू घिऊन उंबऱ्यात बसल्यात!”

“दिसली. ट्रॉलीत बसलीय.”

“मंग आन की तिला! बरं झालं, दर साली चालत येती बिचारी.”

“आगं पन मला हितं सरांचं काम...”

“कसलं काम? गौर ट्रॉलीत बसलीय आन् तुला काम सुचतंय? तिला खाली उतरवलीस तर तू बी घरात यिऊ नकोस.”

फोन बंद झाला. उमेशने एकदा वरच्या पट्ट्याकडे बघितलं, एकदा ट्रॉलीकडे. मजुरांना म्हणाला, “जेवून घ्या.” आणि ट्रॅक्टर वळवला.

खाली येईपर्यंत आम्ही तिघी समोर बघत बसलो होतो. खड्ड्यांतून ट्रॉली उडत होती. माझ्या हातातल्या मुळांतून पाणी मनगटावर गळत होतं. रिसॉर्टच्या कुंपणाजवळून जाताना फाटकापलीकडे ती अठरा फुटी बाई दिसली. मान आणखी कलली होती. मी वळून पाहिलं नाही.

रतनबाईंच्या दारात आधी माझ्या हातातली गौर उतरली. त्यांनी तांब्याने मुळं धुतली, हळद लावली, कुंकू लावलं, एकेका मुळाला, घाई न करता. “पाय लय नीट आलंत औंदा,” म्हणाल्या. मग बाया आणि बबिता पुढच्या घराकडे गेल्या. रतनबाईंनी उमेशला आत बोलावलं. गौरीपुढे समया लावायच्या होत्या, पाट हलवायचे होते, नारळ फोडायचा होता. त्याला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. वरचे मजूर वाट बघून निघून गेले.

उंबरा ओलांडला होता. मी फोन घेतला. सरांचा अकरा वेळा येऊन गेला होता. मी लावला.

“तुला कळतंय का तू काय केलंस?” सर म्हणाले. आता आवाज हळू नव्हता. “पाचला लोक येतायत. सगळं शिल्प मरतंय माझं!”

“ते मेलेलंच होतं, सर. परवा छाटलं तेव्हाच. त्याचे पाय खताच्या खड्ड्यात आहेत. मी बघून आले.”

“पाय? कसले पाय? तू वैज्ञानिक आहेस ना?”

“आहे. म्हणून सांगतेय. फलकावरून ‘जिवंत’ काढा. नाहीतर माझी सही काढा.”

“सही तुझी असेल. दाखला महोत्सवाचा आहे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी पाचच्या आत बाजारातला झेंडू आणून वाळलेल्या जागा झाकल्या, असं मला नंतर कळलं. लोकांनी फोटो काढले. शिल्प तीन दिवस उभं होतं. माझं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. दाखला मागे घेतल्याचं पत्र मी तीनदा पाठवलं, दोनदा ईमेलने, एकदा पोस्टाने. उत्तर आलं नाही. महोत्सवाच्या संकेतस्थळावर आजही ते शिल्प आहे, खाली ‘वनस्पतितज्ज्ञांनी प्रमाणित’ असं लिहिलेलं आणि एका पानाचा माझा दाखला. उघडून बघा. सही ओळखू येईल इतकी मोठी आहे.

यंदाच्या भाद्रपदात मी पुन्हा टेकडीवर गेले. खुंट्या गंजल्या होत्या, पण जागेवर होत्या. वरच्या दहा चौकटी मोजल्या: त्र्याण्णव रोपं. खालच्या दहा मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोन्ही वेळा सहाच भरली.

मी वहीत सहा लिहीत होते, तेव्हा वरून बाया उतरली. पाटी बबिताकडे होती आणि बायाच्या ओच्यात मुठी-मुठीने पिकत आलेली बोंडं होती, हिरवीगार, फुगलेली. ती माझ्या पहिल्या चौकटीत शिरली, उकिडवी बसली आणि एकेक बोंड मातीवर फोडू लागली.

“मावशी, त्या चौकटीत नको,” मी पटकन म्हणाले. “मोजणीत फरक पडेल.”

तिने मान वर केली. “पडू दे की,” म्हणाली.

मी वही ठेवली आणि तिच्या ओच्यातून ओंजळभर बोंडं घेतली.